गज कुठे थांबतो : अबू पर्वतावरील ग्रॅनाइट उतारांच्या मातीच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर, माउंट अबू

काल रात्री उशिरा अबू रोड स्थानकावर उतरलो आणि आज सकाळी सामानासह वर आलो. पायथ्यापासून गावापर्यंत साधारण नऊशे ते हजार मीटरची चढण आहे. या एवढ्या घाटात खालचे थोर आणि सलई मागे पडतात, मध्ये बांबू लागतो आणि वर जांभूळ, आंबा, करवंद यांची सदाहरित झाडी सुरू होते. गुरुशिखर हे अरवलीतले सर्वांत उंच शिखर १७२२ मीटरवर आहे. आमचे काम त्याच्या अलीकडे, ओरिया आणि अचलगढ यांच्या परिसरातील उतारांवर आहे. राजस्थानात असूनही येथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपतो. पुढचे आठ महिने जंगल ज्या पाण्यावर जगते ते कुठे साठते, हा आमच्या प्रकल्पाचा प्रश्न आहे.

सह्याद्रीत काम केलेल्या माणसाला येथे हाताची सवय बदलावी लागते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, जवळजवळ नसतेच. चुना आणि मॅग्नेशियम यांनी समृद्ध असलेला तो दगड कुजला की फुगणारी काळी चिकणमाती होते. अबूचा दगड सुमारे ७६ कोटी वर्षांपूर्वीचा, बराचसा गुलाबी झाक असलेला ग्रॅनाइट आहे. त्यात क्वार्ट्झ आहे, पालाशयुक्त फेल्डस्पार आहे आणि काळे अभ्रक आहे. क्वार्ट्झ कुजत नाही, तो वाळू होऊन मागे उरतो, त्यामुळे मुठीतली ओली माती दाबून अंगठ्याने पुढे ढकलली तर जेमतेम दोन सेंटिमीटरची फीत निघते आणि तुटते. काळ्या मातीत हीच फीत बोटभर लांब लोंबते. सवयीने आणलेली सौम्य आम्लाची बाटली आज तीन ठिकाणी उघडली, पण एकदाही फेस आला नाही. चुनखडी येथे नाहीच, तेव्हा बाटली उद्यापासून खोलीवर राहील.

७ ऑक्टोबर, अचलगढच्या अलीकडचा उतार

परवानगी अभयारण्यातली असल्यामुळे मोठे खड्डे घेता येणार नाहीत, मोजके लहान खड्डे आणि गजाने खोली मोजणे एवढीच मुभा आहे. हे अभयारण्य १९६० पासूनचे आहे आणि अस्वलांचा वावर भरपूर आहे, म्हणून सकाळी आठच्या आधी आणि दुपारी चारनंतर काम करायचे नाही असे वनरक्षकांनी बजावले आहे.

उतारावर वरून खाली १०० मीटरची दोरी ताणली आणि दर दोन मीटरवर १२० सेंटिमीटरचा लोखंडी गज ठोकला. गज कुठे थांबतो हे नुसते डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही, हे पहिल्या दहा बिंदूंतच कळले. आमच्यासोबत असलेल्या, येथल्या गरासिया आदिवासी समाजातल्या वयस्कर मदतनीसांनी ते कानाने शिकवले. सलग खडकावर गज आपटला की ‘ठण्ण’ असा आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. सुटा दगड असेल तर आवाज बोदा येतो आणि गज थोडा कलता करून ठोकला की कडेने निसटून खाली जातो. कुजक्या ग्रॅनाइटमध्ये मात्र ‘खर्र खर्र’ असा आवाज येत गज प्रत्येक घावाला अर्धा-एक सेंटिमीटर उतरत राहतो. त्या कुजक्या दगडाला ते हिंदीत मोरम म्हणतात, आपण मुरूम म्हणतो. आधीच्या दहा बिंदूंपैकी चार ठिकाणी आम्ही सुट्या दगडालाच खडक समजलो होतो, ते बिंदू पुन्हा मोजले.

एकूण ५१ बिंदूंपैकी ९ ठिकाणी उघडा कातळ आहे. २१ ठिकाणी खोली ५ ते २५ सेंटिमीटर, १४ ठिकाणी २५ ते ५० सेंटिमीटर आणि ७ ठिकाणी ५० च्या पुढे भरली. या सातांपैकी तीन ठिकाणी गज पूर्ण गेला तरी तळ लागला नाही. त्या तिन्ही ठिकाणी १२० सेंटिमीटर धरले तर सरासरी २८ सेंटिमीटर येते. ही संख्या अहवालात सुबक दिसेल, पण संध्याकाळी वहीत बेरीज करताना तिची गंमत लक्षात आली. रेषेवरील सगळ्या खोल्यांच्या बेरजेचा चौथा हिस्सा त्या तीन बिंदूंत आहे. २८ सेंटिमीटरची सलग माती या उतारावर कुठेच नाही. आहे ते कातळ, पातळ चादर आणि फटी.

मातीच्या वर्गीकरणाचेही तेच होणार. अमेरिकी पद्धतीत कठीण खडक ५० सेंटिमीटरच्या आत लागला तर ‘लिथिक’ हे विशेषण लागते, आंतरराष्ट्रीय पद्धतीत सलग खडक २५ सेंटिमीटरच्या आत असेल तर ती ‘लेप्टोसॉल’, म्हणजे पातळ माती, ठरते. आमच्या दोरीवर चालत गेले तर दर चार-सहा मीटरला मातीचे नाव बदलते. नकाशावर एवढ्या सगळ्याला एकच रंग मिळतो.

८ ऑक्टोबर

दुपारी अवेळी पण चांगली सर आली, पाऊण तास पडली. काम थांबले, पण उपयोग झाला. उघड्या कातळावर पडलेले पाणी दोन-तीन मिनिटांतच चकाकत्या पत्र्यासारखे खाली सरकू लागले आणि कातळाच्या खालच्या कडेला जिथे माती सुरू होते तिथे कुठलाही ओहोळ न होता नाहीसे झाले. मी ती कड हाताने उकरली. वीतभर खाली माती चिंब होती, आणि तीन मीटर अंतरावरच्या पातळ चादरीत ओल चार बोटांपलीकडे गेली नव्हती. म्हणजे कातळाशेजारच्या मातीच्या कप्प्याला स्वतःवर पडणारा पाऊस मिळतोच, शिवाय वरच्या कातळाचाही मिळतो. पाऊस दोघांनाही सारखाच, पण वाटणी मात्र खडक करतो.

१२ ऑक्टोबर, खड्डा क्र. ४

आजचा पूर्ण दिवस एका खड्ड्यात गेला. दगडाळ मातीची घनता मोजण्यासाठी नेहमीची पोलादी नळी येथे निरुपयोगी आहे, किंबहुना फसवी आहे. नळी दगडाला अडते, मग आपण ती उचलून वीतभर बाजूला ठोकतो, तिथे अडली तर आणखी बाजूला, आणि शेवटी जिथे दगड नाही नेमकी तिथली माती नळीत येते. अशा शंभर नळ्या काढल्या तरी दगड नसलेल्या मातीचीच मोजणी होत राहते. म्हणून आम्ही खड्डा खणून त्याचे आकारमान पाण्याने मोजण्याची जुनी पद्धत घेतली.

साधारण ३५ सेंटिमीटर चौरस आणि ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेतला. सुरुवात वरच्या पालापाचोळ्यापासून केली. दोन बोटे जाडीचा, वर कोरडी जांभळाची पाने आणि खाली काळपट भुगा असलेला तो थर वेगळ्या पिशवीत भरला. त्याखालची १२ सेंटिमीटर माती गडद तपकिरी, रवाळ आणि केसासारख्या मुळांनी गच्च विणलेली होती. कुदळ घातली की ती ढेकळाऐवजी घोंगडीसारखी उचलली जात होती. पुढे रंग फिका होत जातो, मुळे कमी होतात आणि दगडांचे प्रमाण वाढते. दगड सगळे उताराच्या दिशेने कललेले, चपटी बाजू जमिनीला समांतर. हे त्याच जागी फुटलेले नसून वरून हळूहळू सरकत आलेले आहेत याची ती खूण. दगडांच्या वरच्या अंगाला माती सैल आहे आणि खालच्या अंगाला मुळांची जाळी दगडाला चिकटून बसलेली आहे. दगडाखाली ओल टिकते हे मुळांना आमच्या आधी कळलेले दिसते.

खणलेले सगळे घमेल्यांत भरून तिथेच दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढले. खड्ड्यात पातळ प्लॅस्टिक अंथरून काठोकाठ पाणी भरले, ३६ लिटर मावले. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे दगड आणि खडे आधी भिजवून (कुजके खडे पाणी पितात, कोरडेच बुडवले तर माप चुकते) मग भरलेल्या बादलीत बुडवले. सांडलेले पाणी १६ लिटर भरले. म्हणजे या मातीचे ४४ टक्के आकारमान दगडांचे आहे. ३५ टक्क्यांच्या वर गेले की मातीला ‘स्केलेटल’, म्हणजे सांगाडायुक्त, म्हणतात. ही संज्ञा मला नेहमी थोडी अन्यायकारक वाटते, कारण या उतारावर मातीला धरून ठेवणारा तो सांगाडाच आहे. दगड काढून घेतले तर उरलेली वाळूमिश्रित माती पहिल्या पावसाळ्यातच खाली जाईल.

१५ ऑक्टोबर, गुरुशिखरच्या रस्त्याचा छेद

खोल खड्डा खणायची परवानगी नसली तरी रस्त्याने तो आधीच खणून ठेवला आहे. ओरियाच्या पुढे एका वळणावर डोंगर कापलेला आहे, तिथे दोन-अडीच पुरुष उंचीचा उभा छेद मिळतो. वर ४० सेंटिमीटर माती. त्याखाली एकदम कातळ असेल असे वरून गजाने वाटले असते, पण येथे त्याखाली तीन मीटरपर्यंत मुरूम आहे. दगडाची ठेवण, गुलाबी आणि पांढऱ्या खनिजांचे दाणे, जुन्या सांध्यांच्या, म्हणजे दगडातल्या नैसर्गिक भेगांच्या, रेघा असे सगळे जसेच्या तसे दिसते, मात्र हाताने दाबले की दाणे सुटून पडतात. मध्ये मध्ये गोल गरगरीत गोटे शाबूत आहेत आणि त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले आहेत. पाणी सांध्यांतून शिरते, कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी हल्ला होतो, कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी ठोकळ्याचा गोटा उरतो. अबूचे प्रसिद्ध टोड रॉक आणि आसपासचे चित्रविचित्र धोंडे हेही बरेचसे असेच, भोवतीचा मुरूम वाहून गेल्यावर उघडे पडलेले गाभे आहेत.

मुरूम होण्याची सुरुवात काळ्या अभ्रकापासून होते. त्याच्या पापुद्र्यांमधले पालाश निघून जाते, लोह गंजते, पाणी आत शिरते आणि पापुद्रे फुगतात. दगडात अभ्रकाचे प्रमाण थोडे असले तरी प्रत्येक पत्री आपल्या शेजारच्या दाण्यांना ढकलते आणि बारीक भेगांचे जाळे तयार होते. मग फेल्डस्पारपर्यंत पाणी पोहोचते आणि त्याची पांढरी केओलिन माती होऊ लागते. भिंगाखाली आज ताजा दगड आणि मुरूम शेजारी ठेवून पाहिले. ताज्या दगडातले अभ्रक काजळासारखे काळे आणि चकचकीत होते, मुरमातले पितळी सोनेरी झाले होते आणि नखाने त्याचे पान सुटत होते. मदतनीसांनी त्याला हसून सोने म्हटले.

छेदाच्या डाव्या अंगाला वर एक जांभूळ आहे. त्याचे मनगटाएवढे मूळ मातीतून तिरपे खाली येते, मुरमातल्या एका उभ्या सांध्यात शिरते आणि तिथे गोल राहत नाही. सांधा दोन सेंटिमीटर रुंद आहे, मूळ त्यात चपटे होऊन पट्ट्यासारखे खाली गेले आहे. मी ते २ मीटर १० सेंटिमीटरपर्यंत मोजले, त्यापुढे ते छेदाच्या आत वळते. सांध्याच्या दोन्ही भिंतींवर पातळ तांबूस चिकणमाती जमली आहे आणि तिच्यावर बारीक मुळांची नक्षी पसरली आहे. वरच्या मातीच्या मानाने या फटीत चिकणमाती जास्त आहे हे बोटांनाही कळते. पावसाचे पाणी वरची बारीक माती धुऊन येथे आणून लावत असावे.

३ नोव्हेंबर, पुणे

नमुन्यांचे निकाल आले आणि ते चुकीचे आहेत. आम्ही स्वतः चाळलेली माती एका प्रयोगशाळेकडे दिली होती, पण तुलनेसाठी काही नमुने न चाळता पाठवले होते आणि त्यांवर ‘चाळून घ्यावे’ असे लिहिले होते. न चाळलेल्या नमुन्यांत सेंद्रिय कर्ब १.७ टक्के दाखवला आहे, त्याच खड्ड्याच्या आमच्या चाळलेल्या नमुन्यात तो २.६ टक्के आहे. फोनवर चौकशी केली तेव्हा कळले की चाळणीवर उरलेली ‘ढेकळे’ नेहमीप्रमाणे खलबत्त्यात कुटून पुन्हा चाळली होती. काळ्या मातीत ते बरोबरच आहे, तिथे चाळणीवर उरते ते ढेकूळच असते. येथे मात्र ते कुजक्या ग्रॅनाइटचे खडे होते. ते बत्त्याखाली सहज फुटतात आणि कर्ब नसलेली ताजी वाळू होऊन मातीत मिसळतात. दोष पूर्णपणे त्यांचा म्हणता येणार नाही, सूचना अर्धवट आमचीच होती. पुढच्या नमुन्यांसोबत ‘लाकडी लाटण्याने हलके फिरवावे, खडे फोडू नयेत, चाळणीवरचा भाग वजन करून परत द्यावा’ असे लिहून दिले आहे.

२६ नोव्हेंबर, पुणे

दुरुस्त निकाल मिळाले. वरच्या थराचा सामू (pH) ६.१ आणि खालच्याचा ५.७ आहे, म्हणजे माती सौम्य आम्लधर्मी आहे. पालाश बरे आहे, फेल्डस्पार आणि अभ्रक असलेल्या दगडावर ते अपेक्षितच होते. उपलब्ध स्फुरद कमी आहे. धनायन विनिमय क्षमता, म्हणजे अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद, वरच्या १२ सेंटिमीटरमध्ये खालच्या थराच्या दुपटीहून अधिक आहे, पण दोन्ही थरांत चिकणमातीचे प्रमाण जवळपास सारखेच आहे. म्हणजे अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम येथे मुख्यतः कुजलेला पालापाचोळा करतो आहे. काळ्या मातीला चिकणमातीची मोठी ठेव असते, एखाद्या वर्षी पाला जळाला तरी ती निभावते. या मातीची सगळी शिल्लक वरच्या वीतभरात आहे.

कर्बाचा हिशेब लगेच केला. ३० सेंटिमीटर खोली, बारीक मातीची घनता घन सेंटिमीटरला १.०८ ग्रॅम आणि कर्ब २.६ टक्के धरून दगड विसरले तर हेक्टरी ८४ टन येतात. ४४ टक्के दगड वजा केले तर ४७ टन. आणि हे ज्या ठिकाणी ३० सेंटिमीटर माती आहे तिथले, कातळाचे नऊ बिंदू अजून हिशेबात धरायचेच आहेत. दगडाच्या एका रकान्यामुळे आकडा निम्म्याजवळ येतो, त्यामुळे तो रकाना नसलेल्या तक्त्यांकडे मी आता संशयाने पाहू लागलो आहे.

१८ डिसेंबर, माउंट अबू

दुसरी फेरी. रात्री कडाक्याची थंडी, सकाळी गवतावर पांढरे गोठलेले दव. शेवटच्या पावसाला दोन महिने उलटून गेले आहेत. खड्डा क्र. ४ शेजारी वरच्या १५ सेंटिमीटरमधली माती मुठीत धरली तर धुळीसारखी सांडते, वजनाने ओल फक्त ३ टक्के भरली. रस्त्याच्या छेदात बाहेरचा वाळलेला मुरूम हातभर खरवडून ९० सेंटिमीटर खोलीवरचा नमुना घेतला, त्यात ८ टक्के ओल आहे. जांभळाची पाने हिरवीगार आणि करवंदही तजेलदार. खालच्या उतारावरची सलई मात्र उघडी पडली आहे.

आज रात्री खोलीवर हिशेब मांडला. अशी वाळूमिश्रित पोयटा माती आकारमानाच्या सुमारे १२ टक्के पाणी झाडाला देऊ शकते असे धरले, तर ३० सेंटिमीटरमध्ये ३६ मिलिमीटर होतात. दगडांचे ४४ टक्के वजा करता २० मिलिमीटर. झाडी दिवसाला ४ मिलिमीटर पाणी उडवत असेल तर ही माती पाच दिवस पुरेल. पाऊस संपून साठ दिवस झाले आणि जांभूळ अजून हिरवे आहे, तेव्हा माती हा या झाडाचा मुख्य हौद नाही हे उघड आहे.

मुरमाने किती पाणी द्यावे याची एक मोजणी परक्या प्रदेशातली आहे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण सिएरा नेवाडात ग्रॅनाइटवर वाढणाऱ्या जेफ्री पाइनखाली साधारण पाऊण मीटर मातीत आकारमानाच्या सुमारे २० टक्के, तर तिच्याखालच्या कित्येक मीटर कुजक्या ग्रॅनाइटमध्ये सुमारे १२ टक्के पाणी झाडाला मिळण्याजोगे आढळले होते. मुरूम मातीपेक्षा कंजूष खरा, पण त्याची जाडी ती उणीव भरून काढते. तो आकडा येथे जसाच्या तसा लावण्याचा मोह मी आवरतो आहे, कारण तिकडे बर्फ हळूहळू वितळून मुरतो आणि इकडे चार महिन्यांत धो धो कोसळते, शिवाय मुळे मुरमाच्या पोटात न जाता सांध्यांतच राहतात. तरीही दोन मीटर मुरमाने त्याच्या निम्मे, म्हणजे ६ टक्के जरी दिले, तरी १२० मिलिमीटर होतात. महिनाभराची सोय. आणि झाड थंडीत दिवसाला ४ मिलिमीटर खर्च करत नाही.

९ मार्च

उतार पिवळा पडला आहे. जिथे घाणेरी शिरली आहे तिथे तिच्या वाळक्या काड्यांचा कंबरभर ढीग उभा आहे, ठिणगीची वाट पाहत असल्यासारखा. एप्रिल २०१७ मध्ये येथे लागलेला वणवा विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टर आणावी लागली होती. त्या वणव्याच्या हद्दी आमच्याकडे नाहीत, म्हणून आम्ही जळलेल्या आणि न जळलेल्या जागांची तुलना करणार नाही. फक्त पाणी मुरते का एवढे पाहिले. जांभळाखालचा पाला बाजूला करून कोरड्या मातीवर ड्रॉपरने थेंब सोडले. दहा थेंबांपैकी सहा थेंब मण्यासारखे गोल बसून राहिले, एक तर पूर्ण दोन मिनिटे हलला नाही, मग अचानक जिरला. पाल्यातले मेणचट पदार्थ वाळूच्या दाण्यांवर बसले की कोरडी माती पाणी नाकारते. वाळूच्या दाण्यांना पृष्ठभाग थोडा, म्हणून असा लेप त्यांच्यावर लवकर पुरतो. जूनमधला पहिला पाऊस येथे मातीत जाण्याआधी काही काळ तिच्यावरून वाहत असणार, आणि तो दगडांच्या कडेच्या फटींत शिरत असणार. जूनच्या फेरीत निळे रंगद्रव्य ओतून पाणी कुठल्या वाटेने जाते ते पाहायचे आहे, परवानगीचा अर्ज आजच लिहिला.

११ मार्च, खड्डा क्र. ४

परवानगीतील अटीप्रमाणे खड्डा बुजवला. आधी मोठे दगड, चपटी बाजू उताराला समांतर ठेवून, मग खालची फिकी माती, मग वरची काळी, शेवटी पाला. प्लॅस्टिकचा एक तुकडा तळाशी राहिला होता, तो काढला. नोंदवहीतल्या तक्त्यात ‘सरासरी खोली’ हा रकाना खोडून तिथे चार रकाने आखले : कातळाचा हिस्सा, गज खडकावर थांबला ती खोली, गज मुरमात थांबला ती खोली, आणि गज थांबला नाही ते बिंदू. जुन्या रेषेच्या ५१ पैकी १७ बिंदूंच्या पुढे आवाजाची नोंद नाही. ते बिंदू उद्या पुन्हा ठोकायचे आहेत.